कोपऱ्यातल्या चौकोनाने जमवलेलं स्थळ

फुकट मिळते म्हणून कुठलीही गोष्ट घरात आणू नये, असं आमच्या सरिताचं ठाम मत आहे. हे मत तिने माझ्याशी लग्न झाल्यावर बनवलं की संगणकांच्या प्रकरणानंतर, ते मी अजून विचारलेलं नाही. काही प्रश्न न विचारण्यातच संसाराचं हित असतं.

सरिता महाडात केंद्र चालवते. दाखले, योजना, प्रवेश, काय वाटेल त्याचे ऑनलाइन फॉर्म ती भरून देते. चार संगणक, एक प्रिंटर, एक गुरगुरणारा पंखा आणि भिंतीवर पाटी : 'सर्व्हर डाऊन असल्यास आमच्याशी वाद घालू नये.' मी, नागसेन, घरून पुण्याच्या एका कंपनीसाठी प्रोग्रॅमिंग करतो. शेजाऱ्यांच्या भाषेत सांगायचं तर मी घरीच असतो. उरलेल्या वेळात मी ओपन सोर्सची भक्ती करतो. ओपन सोर्स म्हणजे जगभरातल्या हौशी लोकांनी मिळून लिहिलेलं, कुणीही वापरावं, कुणीही सुधारावं असं सॉफ्टवेअर. मी त्यावर बोलायला लागलो की पाहुण्यांना शेवटची एसटी आठवते.

तर मार्च महिन्यात मी केंद्रातले चारही संगणक अशाच एका मुक्त प्रणालीवर आणले. सरिता म्हणाली, "चालतंय ते चालू द्या ना." मी तिला स्वातंत्र्याचं महत्त्व सांगितलं. ती म्हणाली, "जूनमध्ये प्रवेशाची गर्दी असते, तेव्हा काही बिघडलं तर स्वातंत्र्य काउंटरवर बसणार आहे का?" मी हसलो. आता तो प्रसंग आठवला की मला त्या हसण्याचाच राग येतो.

या प्रणालीत 'डिंगल' नावाची एक छोटी सोय होती. निरोप आला की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात एक चौकोन सरकत येतो, त्यात निरोप दिसतो, आणि तिथल्या तिथे उत्तर लिहायला एक रकाना असतो. इथवर ठीक. पण हा चौकोन येताना कीबोर्ड आपल्या ताब्यात घ्यायचा. म्हणजे तुम्ही मृत्युपत्र लिहीत असा नाहीतर राजीनामा, चौकोन आला की तुमचं पुढचं अक्षर त्याच्या रकान्यात. वर एंटर दाबलंत की ते निरोप पाठवणाऱ्याच्या घरी पोचतं. अर्ध्या मिनिटाने चौकोन आपणहून मिटतो, जणू काही झालंच नाही.

ज्याला पडद्याकडे बघून लिहायची सवय आहे, त्याच्या हे लगेच लक्षात येतं. पण फॉर्म भरणारी माणसं पडद्याकडे बघत नाहीत. त्यांची नजर कागदावर असते, बोटं आपली आपण चालतात. सरिताचा वेग तर असा की गिऱ्हाईक आधारकार्ड खिशातून काढेपर्यंत हिचं नाव टाकून झालेलं असतं.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी नाते गावचा प्रितम उत्पन्नाचा दाखला काढायला आला. सरळमार्गी मुलगा, एमआयडीसीत कामाला, दोन वर्षांपूर्वी लग्न झालेलं. सरिताने त्याचे कागद पुढ्यात घेतले आणि बोटं सोडली. नेमकं त्याच क्षणी शिवथरच्या भिकूमामांनी, म्हणजे सरिताच्या सख्ख्या मामांनी, 'शिवथर परिवार' या ग्रुपवर गुलाबाचं फूल आणि 'शुभ सकाळ' पाठवलं. चौकोन आला.

पुढच्या अर्ध्या मिनिटात शिवथर परिवाराला ओळीने निरोप गेले : प्रितमचं पूर्ण नाव. वय एकोणतीस. शिक्षण बारावी, आयटीआय. नोकरी कायम. शेती सव्वा एकर, भात. घर स्वतःचं, स्लॅबचं. मुक्काम पोस्ट नाते. पत्नीच्या नावाचा रकाना यायच्या आत चौकोन मिटला.

सरिताने मान वर केली तेव्हा फॉर्मचा वरचा अर्धा भाग कोरा होता आणि खालचा भरलेला. दुसऱ्या कुठल्या देशात माणूस यावर विचार करत बसला असता. आपल्याकडे त्याला एकच कारण असतं. "सर्व्हर," ती म्हणाली. "सर्व्हर," प्रितमनेही मान डोलावली. तिने वरचा भाग पुन्हा भरला, दाखल्याचा अर्ज गेला, प्रितम घरी गेला.

संध्याकाळी तिने ग्रुप उघडला तर शेवटी 'छान', 'उत्तम', 'कळवतो' आणि तेवीस अंगठे. तिला वाटलं गुलाब आवडला. वर जाऊन बघायचं तिच्या मनातही आलं नाही. भिकूमामा आपल्या धाकट्या मुलीसाठी दोन वर्षं स्थळ शोधतायत, हे मात्र सगळ्या परिवाराला ठाऊक होतं.

रविवारी भिकूमामा, सुंदरामावशी आणि आणखी दोघं जीप करून नात्याला गेले. आधी मुलगा बघू, मग बोलू, असा त्यांचा साधा हिशेब. प्रितमची बायको साक्षी दळण आणायला गेली होती. ती पिठाचा डबा घेऊन परत आली तर दारात आठ चपला आणि आत मावशी म्हणतायत, "पोरगा शांत वाटतो हो." त्याच संध्याकाळी साक्षी माहेरी पोलादपूरला निघून गेली.

सोमवारी केंद्र उघडायच्या आधीच प्रितम पायरीवर बसलेला होता.

"ताई, मी उत्पन्नाचा दाखला मागितला व्हता," तो म्हणाला. "तुम्ही माझं लगीनच लावायला निघालात."

सरिताने ग्रुप वरपर्यंत बघितला आणि ती मटकन खुर्चीत बसली. मी तिला इतकी पांढरी पडलेली कधी पाहिली नव्हती. लोक तिच्याकडे घरच्या खाजगी गोष्टी विश्वासाने देतात. उत्पन्न, आजार, घटस्फोट, सगळं. त्यावरच ते केंद्र उभं आहे. दुपारपर्यंत बातमी बाजारात फिरली होती आणि एक आजी फॉर्म भरायच्या आधी विचारत होत्या, "बाय, माझं कुठं जानार नाय ना गो? मला आता करायचं नाय लगीन."

सरिताने साक्षीला फोन लावला, माफी मागितली, चौकोनाचं सांगितलं. साक्षीने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "कंप्युटर आपल्या मनानं स्थळं काढतो, हे मी कसं मानू? ज्यानं तो चौकोन बनवला, त्यानं लिवून द्यावं, चूक आमची. मग मी येते. नायतर नाय." फोन बंद.

म्हणजे काम माझ्याकडे आलं. एका माणसाचा संसार आणि माझ्या बायकोची अब्रू, दोन्ही त्या लेखी कबुलीवर अडकलेलं होतं. सरिता म्हणाली, "तुम्ही यातलेच ना? उघडा आणि दुरुस्त करा."

मी तिला समजावलं की ओपन सोर्समध्ये तशी पद्धत नसते. आधी दोषाची नोंद करायची, मग चर्चा, मग सहमती, मग दुरुस्ती. उठलं आणि केलं, असं नाही. हे मी फार शांतपणे आणि फार वेळ समजावलं.

नोंद केली. डिंगल सांभाळणारा मुख्य माणूस फिनलंडमधला, युहानी नावाचा. मी इंग्रजीत चार परिच्छेद लिहिले, चित्रं जोडली. पण पाठवायच्या आधी ते तळमजल्यावरच्या महादूकाकांनी पाहिलं. महादूकाका तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेत. बत्तीस वर्षं त्यांनी फक्त अर्ज पाहिले. हल्ली ते सकाळी पेपर वाचतात, तोही विषय आणि संदर्भ शोधत.

"विषय कुठे आहे?" त्यांनी विचारलं.

"वर लिहिलंय ना, चौकोन कीबोर्ड घेतो."

"त्याला विषय म्हणत नाहीत, त्याला कुरकुर म्हणतात. विषय असा : 'निरोपदर्शक चौकोनाने कीबोर्डचा अनधिकृत ताबा घेतल्याबाबत.' संदर्भ? महोदय? 'आपला विश्वासू'? अरे, समोरच्या साहेबाला कळायला नको का, की अर्जदाराला रीत माहीत आहे?"

युहानी हा साहेब नसून आपल्यासारखाच हौशी माणूस आहे, असं मी म्हणालो. काका म्हणाले, प्रत्येक साहेब सुरुवातीला तसंच सांगतो. शेवटी विषय, संदर्भ आणि महोदय यांसह ते इंग्रजीत गेलं.

आठ मिनिटांत उत्तर आलं. काकांच्या चेहऱ्यावर संशय पसरला. "आठ मिनिटांत? म्हणजे वाचलंच नाही."

वाचलं होतं. युहानीने लिहिलं होतं की चौकोन येताच उत्तर लिहिता यावं म्हणूनच कीबोर्ड तिकडे जातो; हे अपेक्षेप्रमाणे चालू आहे; धन्यवाद. आणि नोंद बंद केली. सॉफ्टवेअरच्या जगात यापेक्षा अपमानास्पद वाक्य नाही. तुमचं दुःख खरं आहे, पण ते ठरवून दिलेलं आहे, असा त्याचा अर्थ.

हे उत्तर निदान दाबून ठेवायला हवं होतं. पण प्रितमने घाईघाईने त्याचा फोटो काढून साक्षीला पाठवला, का तर 'साहेबाचं उत्तर आलं' हे तिला कळावं. साक्षीने ते इंग्रजी कुणाकडून तरी वाचून घेतलं आणि केंद्रात फोन केला.

"बघा. बनवणाराच म्हणतो सगळं बरोबर चाललंय. अपेक्षेप्रमाणे! कुणाच्या अपेक्षेप्रमाणे, तेवढं विचारा."

त्यानंतर मामला माझ्या हातात राहिला नाही. काकांनी पहिलं स्मरणपत्र पाठवलं, चार दिवसांनी दुसरं. दोन्ही मराठीत, कारण इंग्रजीत त्यांच्या मते 'सदर' या शब्दाला वजन येत नाही. युहानी ती यंत्राकडून भाषांतर करून घेत असावा, कारण त्याने नम्रपणे विचारलं की 'वरील' म्हणजे नक्की कुणाच्या वरील. मग काकांनी केंद्राच्या काउंटरवर एक वही ठेवली. जो येईल त्याने सही करायची. एकेचाळीस सह्या झाल्या, त्यात सहा अंगठे. त्यातले निम्मे लोक रस्त्यावरच्या दिव्यासाठी सही करतोय अशा समजुतीत होते, पण काका म्हणाले, निवेदनात भावना महत्त्वाची.

ते निवेदन स्कॅन करून गेलं. शेवटची ओळ काकांची खास होती : 'सदर चूक करणाऱ्या दोषी व्यक्तीचे नाव व हुद्दा अर्जदारांस कळवून तिच्यावर कठोर कारवाई करण्यात यावी.'

इकडे प्रितमच्या चुलत्याने नात्याच्या मुंबई मंडळाला खबर दिली. आमच्याकडे गावात पान हललं तरी मुंबई मंडळाला कळवावं लागतं. एका संध्याकाळी डिंगलच्या चर्चेत सतरा चाकरमान्यांनी 'जाहीर पाठिंबा' लिहिलं. एकाने 'नाते गाव एकजुटीचा विजय असो' लिहिलं. एकाने मंडळाच्या क्रिकेट सामन्यांचं पोस्टर चिकटवलं. जर्मनीतल्या कुणीतरी विचारलं, यातला दोष कुठला? त्याला दोन पाठिंबे आणखी मिळाले.

दुसऱ्या दिवशी युहानीचं मोठं उत्तर आलं. मी ते केंद्रात, काका, सरिता आणि प्रितम यांच्यासमोर उघडलं आणि मराठीत सांगत वाचू लागलो. आवाजात थोडं गांभीर्य आणलं होतं. एवढ्या दिवसांनी माझ्या शब्दाला वजन आल्यासारखं वाटत होतं.

"तो म्हणतोय, तुम्हाला झालेल्या त्रासाबद्दल मला वाईट वाटतं. इतके लोक एकत्र येतात हे मी प्रथमच पाहतोय. आता ही चर्चा मी बंद करतोय, पण तुम्ही दोषी व्यक्तीचं नाव मागितलं आहे, आणि आमच्याकडे काही गुप्त नसतं. प्रत्येक ओळ कुणी लिहिली याची नोंद असते. कीबोर्ड ताब्यात घेणारी ओळ चार वर्षांपूर्वी बाहेरच्या एका स्वयंसेवकाने पाठवली. त्याचं नाव..."

मी थांबलो.

"वाचा ना," काका म्हणाले. त्यांनी पेनाचं टोपण काढलं होतं.

प्रितम माझ्या खांद्यावरून वाकून बघत होता. त्याने बोट ठेवून एकेक अक्षर लावलं. मग तो फार हळू आवाजात म्हणाला, "सर, हे तुमचं नाव हाय."

होतं. नाव, गाव, तारीख सगळं होतं. त्या वर्षी मी हौसेने कोडचे असे पंधरा-वीस तुकडे इकडे तिकडे पाठवले होते. या तुकड्याशेजारी मी स्वतःच्या हाताने टीप लिहिली होती : 'यामुळे वापरणाऱ्याचा एक क्लिक वाचेल.' खाली युहानीने लिहिलं होतं : 'छान विचार.' मी ते साफ विसरलो होतो. तीन आठवडे मी एका न दिसणाऱ्या मूर्खावर रागावत होतो, आणि त्याच्याबद्दल मी काय काय बोललो होतो ते सरिताला शब्दशः आठवत होतं.

काकांनी वही उघडली. "निवेदनात कठोर कारवाईची मागणी आहे," ते म्हणाले, "आणि चौथ्या क्रमांकावर सही आहे तुमची."

मी सरिताकडे बघायचं टाळत होतो. तिने काकांच्या हातातली वही मिटली. मग म्हणाली, "बरं झालं."

"बरं?"

"त्या फिनलंडवाल्याशी मी काय भांडणार होते? तुमच्याशी घरच्या घरी भांडता येईल. आता उघडा ते आणि काढा ती ओळ. चर्चा नको, सहमती नको. मी सहमत आहे."

मी कोड उघडला. ती आणि तिला जोडलेली आणखी एक, अशा दोनच ओळी होत्या. त्या काढायला, तपासायला आणि पाठवायला मला अकरा मिनिटं लागली, त्यात एक चहा झाला. दुपारी युहानीने ती दुरुस्ती स्वीकारली. मला लाज वाटली, खरीच लाज. चूक केल्याची फारशी नाही. चुका कोण करत नाही. पण सरिताने पहिल्याच दिवशी 'उघडा आणि दुरुस्त करा' म्हटलं होतं आणि मी तिला पद्धत शिकवली होती. तीन आठवडे एक मुलगी माहेरी बसली होती, आणि मी अकरा मिनिटांच्या कामाची नोंद करत बसलो होतो.

राहिला प्रश्न लेखी कबुलीचा. बनवणारा सापडला होता. काकांनी तीन पानांचा मसुदा केला, त्यात 'नजरचुकीने' हा शब्द नऊ वेळा होता. मी तो बाजूला ठेवला आणि चार ओळी लिहिल्या. हा चौकोन असा वागतो तो माझ्यामुळे. प्रितमची माहिती माझ्या चुकीने शिवथरला गेली. त्याने किंवा सरिताने काही केलेलं नाही. मी माफी मागतो. खाली सही.

रविवारी आम्ही चौघं पोलादपूरला गेलो. साक्षीच्या आईने, गीताबाईंनी, 'जय भीम' म्हणून आत घेतलं, पाणी दिलं आणि चहाचं नाव काढलं नाही. साक्षी दाराशी उभी. मी उभा राहून पत्र वाचलं. कंपनीच्या मोठ्या बैठकांत मी बोललोय, पण तिथे चार ओळी वाचायला मला कधी इतका वेळ लागला नव्हता.

साक्षीने कागद मागून घेतला, स्वतः दोनदा वाचला.

"हे बरं लिवलंत, भावजी," ती म्हणाली. "ह्यांनी केंद्राचं नाव सांगितलं. ताईंनी कंप्युटरचं सांगितलं. कंप्युटरवाला म्हणाला, बरोबरच हाय. माझं चुकलं म्हणणारे तुम्ही पयले."

प्रितम लगबगीने उठला. "चल तर मग."

"बसा," साक्षी म्हणाली. "कंप्युटरचं मिटलं. तुमचं कुठं मिटलंय?"

"माझं काय?"

"पावणे आले, तुम्ही खुर्च्या दिल्यात. माणुसकी हाय, मी नाय बोलत नाय. पण माझं लगीन झालंय, हे सांगायला तुम्हाला किती वेळ लागला?"

प्रितम काकांकडे बघत म्हणाला, "मला वाटलं दाखल्याची चौकशी हाय. उत्पन्न विचारलं, शेती विचारली, घर कुणाच्या नावावर ते विचारलं. सरकारी माणसांना मध्येच कसं तोडायचं?"

"शक्य आहे," काका म्हणाले. "चौकशीत हेच विचारतात."

"चौकशीत जेवणात काय आवडतं ते पण विचारतात?"

काकांनी आपल्या बत्तीस वर्षांच्या सेवेवर मनातल्या मनात नजर फिरवली. "नाही," ते म्हणाले.

"मी दळण घेऊन दारात आले, तवा हे सांगत व्हते. भरलं वांगं. आणि अंगात नवा शर्ट. सकाळी मी गेले तवा बनियनवर व्हते."

आता सगळे प्रितमकडे बघत होते. तीन आठवड्यांत प्रथमच माझ्याकडे कुणी बघत नव्हतं, आणि मी त्याबद्दल मनापासून आभारी होतो.

"शर्ट कधी घातलास रे?" सरिताने विचारलं.

"चहा ठेवायला आत गेलो तेव्हा," प्रितम जमिनीकडे बघत म्हणाला. मग फक्त साक्षीला ऐकू जावं अशा बेताने, पण आम्हा सगळ्यांना ऐकू गेलंच, "खरं सांगू? बरं वाटलं गो. आपल्या वेळेला मला कुणी कायच विचारलं नव्हतं. तुझ्या बाबांनी बघितलं, माझ्या चुलत्यांनी ठरवलं. मला काय आवडतं ते त्या मावशीनं पयल्यांदा विचारलं."

साक्षीचा ओठ जरासा हलला, पण तिने तो आवरला. "ते ऱ्हावद्या. लिवून द्या."

काकांनी पिशवीतून तत्परतेने कोरा कागद काढला. "विषय : विवाहित असल्याची माहिती पाहुण्यांपासून दडवून ठेवल्याबाबत. घे लिहून."

प्रितमने कागद घेतला, पण काकांचं ऐकलं नाही. गुडघ्यावर धरून त्याने दोनच शब्द लिहिले, 'माझं चुकलं', आणि कागद तिच्या हातात दिला. साक्षीने वाचला.

"तारीख टाका," ती म्हणाली.

त्याने तारीख टाकली. तिने दोन्ही कागद एकत्र घडी करून कमरेला खोचले आणि आत वळून हाक मारली, "आये, माझी पिशवी दे गो."